कोठारातले अठरा दिवस

प्रिय सखाकाका,

शाळेत पोरांना पत्राचा मायना शिकवताना मी फळ्यावर ‘तीर्थरूप’ असं ठळक लिहितो. आज तुला तसं लिहायला बसलो, तर दोनदा टाक खाली ठेवावा लागला. वडिलांच्या पाठच्या भावाला ‘तुम्ही’ म्हणावं हे मला कळतं. पण आम्ही कधी म्हटलं होतं का तुला ‘तुम्ही’? तू आमच्यातलाच एक पोट्टा होतास, फक्त मिशा असलेला! म्हणून ‘प्रिय’. आणि तोंडात अजून मले-तुले असलं तरी कागदावर ही शाळेतली भाषा उतरते, तेवढी चालवून घे.

तुला जाऊन वर्ष होऊन गेलं. या वर्षात एकदाही तुला हाक मारली नाही. मग आजच का लिहायला बसलो? कारण मला एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार नाही.

पटकी परत आली आहे, काका. मी आता अकोल्यापासून तीन कोसांवरच्या एका गावात मास्तर आहे. गावात पहिली दोन माणसं गेली तेव्हा पाटील म्हणाले, “मास्तर, ज्यायच्या घरी अजून काई झालं नाई तेवढे पोट्टे घ्या अन् आमराईत जाऊन राहा.” अकरा पोरं घेऊन आलो. आज सहावा दिवस. पलीकडे गाव दिसतं, धूर दिसतो, पण पाय टाकायचा नाही. रोज सकाळी कोतवाल ओढ्याच्या त्या काठावर पीठ-डाळ ठेवतो, गावातली खबर ओरडून सांगतो आणि जातो.

परवा त्यानं सांगितलं, गणूजी गेले.

गणूजींची दोन लेकरं माझ्यापाशी आहेत. चंद्री तेरा वर्षांची, लग्न झालेली, अजून सासरी धाडलेली नाही. महादू दहाचा, माझ्या शाळेतला. हे लिहीत असताना दोघं माझ्या डोळ्यांसमोर लगोरी खेळत आहेत. महादूनं आत्ताच नेम धरून अख्खी लगोर पाडली आणि आनंदानं ओरडला. दोन दिवस मी ही खबर पोटात घेऊन फिरतो आहे.

तू कसं केलं होतंस रे? दोन नाही, दहा दिवस!

ते दिवस मी इतकी वर्षं आठवायचे नाही असं ठरवलं होतं. आज आठवतो. तिकडे अमेरिकेत लढाई लागली आणि इकडे आपल्या काळ्या मातीतल्या कापसाला असा भाव आला की माणसं येड्यासारखी वागायला लागली. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. बाबांनी अमरावतीला परकोटाच्या आत घर घेतलं. ज्याला त्याला काम. सहा वर्षांचं पोरही सरकी काढायला रेच्यापाशी बसायचं. खेळायची पटांगणं गेली, तिथं कापसाचे ढीग आले. आणि या सगळ्या धांदलीत घरात एकच माणूस रिकामा होता. तू.

बाबा तुला ‘घरातला सगळ्यात मोठा पोट्टा’ म्हणायचे. काकू पहिल्या बाळंतपणात गेली, तू परत बाशिंग बांधलं नाहीस, आणि बाबांच्या मते तेव्हापासून तुझं डोकं फिरलं होतं. आठवतं का, तुला बारा गाड्या कापूस घेऊन खामगावला धाडलं होतं? तुम्ही दीड दिवस उशिरा पोचलात, तोवर बाजार उतरला. बाबांनी विचारलं तेव्हा तू खाली मान घालून खरं तेच सांगितलंस. बाळापूरच्या नदीच्या वाळूत पोरं हुतुतू खेळत होती.

“एक पोट्टा कमी पडून राहिला होता, दादा. त्यायचा खेळ मोडला असता.”

“अन् आपला बाजार मोडला त्याचं काय?” बाबा कडाडले. आम्ही दाराआड तोंडात धोतराचा बोळा कोंबून हसलो होतो.

त्या वर्षी वैशाखात पटकी परकोटाच्या आत शिरली. आमच्या गल्लीत एका आठवड्यात चार तिरड्या उठल्या. माय म्हणाली, “पोरायले बाहेर काढा.” बाबा म्हणाले, कोण नेणार? प्रत्येक माणूस कामाला जुंपलेला.

“सखारामभावजी नेतीन,” माय म्हणाली. “त्यायच्याच मांगं पोट्टे न रडता जातीन.”

ती स्वतः आली नाही. आजी अंथरुणाला खिळलेली, तिला सोडून कशी येणार? गाडी निघाली तेव्हा मायनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “काकाचं आयकजो, इठ्या.” मी मान वळवली. तेरा वर्षांचा होतो, गल्लीतले सवंगडी बघत होते. मला लाज वाटली.

भातकुलीकडच्या आपल्या वावरातलं ते कोठार! जाड मातीच्या भिंती, एकच दार, वर एक झरोका. कोपऱ्यात न विकलेला थोडा कापूस. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, त्यापलीकडे नाला. आम्ही सात जण. मी सगळ्यांत मोठा, मग चुलत बहीण गोदी, तिचा भाऊ नाम्या, आणि गल्लीतली चार. पहिल्याच दिवशी तू दारात उभं राहून सांगितलंस, “कुंपणाबाहेर पाय टाकला तं तंगडी मोडून ठेवीन. नाल्यावर फक्त मी जाईन.” तुझ्या तोंडून असं काही आम्ही कधी ऐकलंच नव्हतं. नाम्या हसला. तू हसला नाहीस.

दुपारी ऊन असं की बाहेर पाऊल टाकवेना. आत बसावं तर कोठार भट्टीसारखं. दुसऱ्याच दिवशी पोरं एकमेकांच्या अंगावर जायला लागली. गोदी रडायची, नाम्या तिला चिडवायचा, मी नाम्याला बदडायचो. तेव्हा तू डोक्याचा रुमाल काढलास.

कापसाच्या बाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, हे आम्ही रोज पाहायचो. तू त्यातला भाव काढून टाकलास आणि खेळ ठेवलास. रुमालाखाली बोटं दाबून एकानं दुसऱ्याला एक जनावर सांगायचं. दुसऱ्यानं तोंडातून आवाज न काढता ते करून दाखवायचं. बाकीच्यांनी ओळखायचं. नाम्यानं कोंबडी केली आणि आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, “आजी!” त्या दिवशी कोठारात पहिल्यांदा सगळे मिळून हसलो.

मग गाडीचा खेळ. “गाडी खामगावले चालली, गाडीत काय?” पहिल्यानं म्हणायचं, बडनेऱ्याले घेतलं मडकं. दुसऱ्यानं, बडनेऱ्याले मडकं, मूर्तिजापूरले मांजर. पुढं बोरगाव, अकोला, बाळापूर. आधीचं सगळं बिनचूक म्हणून आपलं एक वाढवायचं. जो विसरेल तो बैल, बाकीचे त्याच्या पाठीवर. सगळ्यांत जास्त वेळा बैल कोण झालं? तूच. बारा गाड्यांचा तो रस्ता तुला झोपेतही पाठ होता, आणि तरी तू मूर्तिजापूरलाच अडखळायचास!

संध्याकाळी ऊन कललं की राखेनं पाट्या आखायच्या. आट्यापाट्या हा माझा खेळ. आडव्या पाटीवर उभ्या असलेल्याचा हात लागू न देता एकेक पाटी ओलांडायची आणि ‘लोण’ ओरडत परत यायचं, यात मला गल्लीत कोणी जोडीदार नव्हता. तू पाटीवर असलास तरी मी तुझ्या काखेखालून निसटायचो. तू कपाळावर हात मारायचास, “या पोट्ट्याले देवबी पकडू शकत नाई बाप्पा!” मी फुगायचो.

पण मला कोंडल्यासारखं होत होतं, काका. खेळ संपला की कुंपण दिसायचं. इतर पोरं लहान होती, विसरायची. मी रोज झरोक्याशी कापसाच्या ढिगावर चढून बघायचो, अमरावतीची वाट दिसते का. काहीच दिसायचं नाही. काळं वावर आणि त्याच्यावर थरथरणारं ऊन.

आठव्या दिवशी आपला गाडीवान सुभान नाल्यावर आला. नेहमीसारखं पीठ ठेवलं, ओरडून काही बोलला. वारा उलटा होता, आम्हाला शब्द कळले नाहीत. तू नाल्यावर बराच वेळ थांबलास. परत आलास तेव्हा मी दारातच होतो.

“काय म्हणत होता? घरी कसे हायेत?”

“बरे हायेत,” तू म्हणालास. माझ्या डोळ्यांत बघून म्हणालास. “चल, पाट्या आखू.”

“आत्ता? उन्हात?”

“हो, आत्ताच.”

त्या दिवशी आपण दिवसभर खेळलो. मी एकामागून एक अशी नऊ लोणं आणली. शेवटच्या लोणाला पोरांनी मला खांद्यावर घेतलं आणि मी दोन्ही हात वर करून नाचलो. तूही टाळ्या वाजवत होतास. नीट आठवतं, तुझ्या तोंडावर राख आणि घाम होता आणि तू टाळ्या वाजवत होतास.

माझी माय आदल्या दिवशी गेली होती. तिची राखही सावडली नसेल, आणि मी नाचत होतो.

हे मी तुला कसं माफ करणार होतो?

बाराव्या दिवशी मी पळालो. काही कळलं होतं म्हणून नाही. फक्त आणखी एक दिवस त्या भिंतींत काढवेना. बाकीचे जेवत होते. मी कुंपणातल्या कुत्र्याच्या वाटेनं सरपटत बाहेर पडलो, पाठ काट्यांनी सोलून निघाली, आणि नाल्याकडे धूम ठोकली. पाण्यात पाय टाकणार तोच तू मागून कवेत धरलंस. मी तुझ्या मनगटाला कडकडून चावलो. तू हात सोडला नाहीस. मी शिव्या दिल्या, बाबांकडून ऐकलेल्या सगळ्या. रिकामटेकडा, निकामा, घरबुडव्या. तू ऐकून घेतलंस.

“मले मायकडे जाऊ दे!”

तू हळूच म्हणालास, “माह्यासंग एक डाव खेळ. लोण घेऊन परत आला तं मी खुद तुले वेशीपर्यंत पोचवतो. नाई आला तं मी सांगीन तवरोक गुमान राहायचं. बोल.”

मी हसलोच असेन. तुझ्याविरुद्ध? नऊ लोणं आणली होती मी!

कुंपणाच्या आत तू तीनच पाट्या आखल्यास. पहाऱ्याला तू एकटा. पोरं दारात उभी राहून बघत होती. मी पहिली हूल दिली, डावीकडे वळलो आणि उजवीकडून घुसलो. तुझा हात माझ्या पाठीवर. पुन्हा गेलो. पुन्हा हात. तू धावतही नव्हतास, मी जिथं जाणार तिथं आधीच उभा असायचास. तुझे डोळे माझ्या पायांवर नव्हते, छातीवर होते. आठ वेळा गेलो. आठही वेळा पाठीवर तुझा पंजा, हलका, नुसता टेकवलेला. आठव्या वेळी मी राखेत बसलो आणि ओक्साबोक्शी रडलो.

मी हरलो होतो. पण त्याहून वाईट काय वाटलं सांगू? त्या दिवशी कळलं की आजवर मी कधी जिंकलोच नव्हतो. तू मला जिंकवत होतास.

पुढचे सहा दिवस मी गुमान राहिलो. खेळलोही. गोदीनं शोधलेला आंधळ्या बैलाचा खेळ, डोळे बांधलेल्याला नुसत्या दोरीच्या ओढीनं मडक्यांमधून चालवायचं. तू रोज काही नवं काढायचास, आणि रोज थोडा वाळत चालला होतास. तुझी भाकरी नाम्याच्या ताटात जाते हे गोदीनं पाहिलं होतं. आम्हाला वाटलं, तुला ऊन बाधलं.

अठराव्या दिवशी सुभान गाडी घेऊन आला. परकोटाचा दरवाजा दिसायला लागला तशी तू गाडी थांबवलीस, मला खाली उतरवलंस, बाकीच्यांना पुढं धाडलंस. रस्त्याकडेच्या दगडावर मला बसवलंस आणि स्वतः समोर मातीत बसलास.

“इठ्या, माय नाई राहिली.”

“कवा?”

“सुभान आला होता न, आठव्या दिशी. त्याच्या आदल्या दिशी.”

“मी नऊ लोणं आणले तवा तुले मालूम होतं?”

“मालूम होतं.”

“मंग काहून खेळवलं मले? काहून रे?”

तू गप्प. एक शब्द बोलायचा होतास, काका! पळालो असतो तर मीही मेलो असतो, इतकं सांगायला काय जात होतं? गल्लीतलं एकही घर मरणातून सुटलं नव्हतं, आणि तू नेलेली सातही पोरं जिवंत परत आली, हे बाबांना कळलं, शेजाऱ्यांना कळलं. गोदीच्या आईनं तर तुझ्या पायांवर डोकं ठेवलं. मला मात्र एकच दिसत होतं, टाळ्या वाजवणारे तुझे हात.

त्यानंतर पाच वर्षं, तू जाईपर्यंत, मी तुझ्याशी बोललो नाही. एकाच घरात राहून, एकाच चुलीवरची भाकरी खाऊन. तू आलास की मी उठायचो. तू माझ्या पेटीवर नवा भोवरा ठेवायचास, मी तो नाम्याला द्यायचो. मग मी शाळेच्या निमित्तानं घराबाहेर राहायला लागलो. तिकडे लढाई थांबली, कापसाचा भाव पडला, चांदीच्या शेंब्या मोडीत गेल्या, बाबा खचले. तुझी ती बारा गाड्यांची चूकही कोणाला आठवेना. मी मात्र माझा राग तसाच जपला.

आणि ती दुपार. मी शेवटच्या परीक्षेच्या तयारीत होतो. एक पोरगा वर्गात येऊन म्हणाला, “इठोबा, तुहा काका बाहेर उभा हाय.” खिडकीतून पाहिलं. तू फाटकाशी उभा होतास, अंगानं अर्धा झालेला, आणि शाळेतली सहा-सात पोरं तुझ्याभोवती जमली होती. तू त्यांना बोटांनी काही करून दाखवत होतास. ती हसत होती.

मी मागच्या दारानं निघून गेलो.

महिन्याभरानं ताप येऊन तू गेलास. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तुझ्या तेराव्याला सुभान आला होता. जेवणं झाल्यावर मला बाजूला नेऊन म्हणाला, “इठूभाऊ, एक गोष्ट सांगू का? तुमच्या काकानं मले कसम घातली होती. पण आता ते नाई राहिले.” मग त्यानं सांगितलं. मायला उलट्या सुरू झाल्या तेव्हा तिनं सुभानला अंगणात बोलावून घेतलं. म्हणाली, “भावजीले सांगजो, माह्यं काईबी झालं तं इठ्याले कळू देऊ नका. तो आयकणार नाई, पळत येईन.”

मायनंच सांगितलं होतं!

तू ते मला का सांगितलं नाहीस? त्या दगडावर, त्या पाच वर्षांत, फाटकाशी उभा असताना? एका वाक्यात सुटला असतास. मग कळलं. तू सुटला असतास, पण माझा राग तिच्यावर गेला असता. मेलेल्या मायवर रागावलेलं पोर तुला घरात नको होतं. म्हणून तू तो सगळा स्वतःवर ओढून घेतलास, आणि माझ्याकडून शेवटपर्यंत निकामा ठरलास.

हे कळूनही मी वर्षभर तुला हाक मारली नाही. लाजेनं.

इथवर लिहून मी कागद दुमडला होता. तुला विचारायचं होतं, की मीही तसंच करू का? गावात परत जाईपर्यंत महादूला आणि चंद्रीला खेळवत ठेवू का? मग वाटलं, तुला निदान मायचा निरोप होता. मला गणूजींचा काही निरोप नाही. आणि मी ती पाच वर्षं भोगली आहेत. उद्या महादूनं मला विचारलं, काहून खेळवलं, तर माझ्यापाशी काय आहे?

दुसरीकडे भीतीही आहे. सांगितलं आणि तो गावाकडे पळाला तर? ओढा उथळ आहे. मला तुझ्यासारख्या पाट्या राखता येत नाहीत, काका.

शेवटी ठरवलं, आधी थोरलीला सांगावं. पोरं आंब्याखाली आडवी झाली होती. चंद्री विहिरीपाशी लगोरीच्या खापऱ्या धूत बसली होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

“चंद्री, तुले एक सांगायचं हाय.”

“मले मालूम हाय मास्तर,” ती म्हणाली. खापरी धुणं थांबलं नाही. “बाबा गेले.”

“कोणं सांगितलं?”

“कोणीच नाई. कोतवाल बोलला तवा मी आंब्याआड होती, पण मले अर्धंच आयकू आलं. मंग तुमाले पाह्यलं.”

“मले?”

“दोन दिवस झाले, तुमी माह्याकडं पाहून नाई राहिले. महादूकडंबी नाई. आमी दोघं समोर आलो का तुमी दुसरीकडंच पाहता. तवाच समजलं.”

मी तिथंच विहिरीच्या कठड्यावर बसलो. विचारलं, “मंग तू खेळून काहून राहिली?”

“महादू खेळून राहिला म्हणून.” आता तिचा आवाज फुटला. “मी थांबली असती तं त्यानं विचारलं असतं.”

तेरा वर्षांची पोर, काका! बाप गेल्याचं कळूनही दोन दिवस भावासाठी खापऱ्या रचत होती, नेम धरत होती, हरल्यावर रुसत होती. माझ्या डोळ्यांदेखत. आणि मी समजत होतो की या आमराईत एकटा मीच अडकलो आहे.

ती रडली. मी तिला थांबवलं नाही. बऱ्याच वेळानं पदरानं तोंड पुसून म्हणाली, “त्याले तुमी एकटे नका सांगू. मीबी बसते संग.”

काका, ‘तुमी माह्याकडं पाहून नाई राहिले’ या तिच्या एका बोलण्यावर मी दुपारपासून अडून बसलो आहे. मी दोन दिवस दोन पोरांच्या तोंडाकडे बघू शकलो नाही, आणि एका पोरीनं त्यावरूनच सगळं ओळखलं. तू तर दहा दिवस माझ्याकडे बघत होतास. रोज, सरळ डोळ्यांत. खेळताना, जेवताना, मी चावलो तेव्हाही. मला काही कळू नये म्हणून तू एकदाही नजर वळवली नाहीस. माझी माय तुझी वहिनी होती. काकू गेल्यावर तुला पहिला घास तिनंच भरवला होता, असं आजी सांगायची. तुलाही रडायचं असेल. कुठं रडलास रे? नाल्यावर, जेव्हा बराच वेळ थांबला होतास तेव्हा?

तू चुकलास असं मी आता म्हणणार नाही. तू सात पोरं राखलीस. पण तुझ्यासारखं करणंही मला जमणार नाही. तेवढी ताकद माझ्या डोळ्यांत नाही.

तेव्हा हे तुला वचन. उद्या सकाळी न्याहारी झाली की चंद्री आणि मी महादूला मधे घेऊन बसू. त्याच्याकडे बघून मी सांगेन. तो विचारेल ते सगळं सांगेन, कवा गेले, कसे गेले, अग्नी कोणी दिला. ठाऊक नसेल ते कोतवालाकडून विचारून आणेन. तो पळाला तर मागं धावेन. तो मला जे बोलेल ते ऐकेन, पण तुझ्यासारखा गप्प राहणार नाही. कारण सांगेन. एकदा नाही कळलं तर पुन्हा सांगेन. खेळ मी मांडणार नाही. कधी त्यानंच खापऱ्या उचलल्या, तर त्याच्या बाजूला गडी कमी पडू देणार नाही.

तुझा,
इठ्या